बरणीतली घोणस

वैजापूरकडच्या खेड्यांत दिवे लागल्यावर सापाला साप म्हणत नाहीत. 'जनावर' म्हणतात, नाहीतर 'लांबडं'. गोठ्यात जनावर निघालं, चाळीत लांबडं दिसलं. आणि ते चावलंच तर 'चावलं' हा शब्दही तोंडातून निघत नाही. 'पान लागलं' म्हणतात. शहरातून नव्याने आलेल्या डॉक्टरला पहिल्यांदा हे ऐकून विड्याचं पान आठवतं. पेशंटची सून सांगत असते, "सासूबाईंना कपाशीत पान लागलं", आणि डॉक्टर विचारतो, "किती खाल्ली?" हा विनोद म्हणून सांगितला जातो, पण त्यात गेलेली दोन मिनिटं खरी असतात.

हा लेख त्या दोन मिनिटांविषयी आहे. म्हणजे शेतात जे माहीत असतं आणि पुस्तकात जे छापलेलं असतं, त्यांच्यामधल्या अंतराविषयी. तालुक्याच्या गावी ते अंतर कमी करू शकेल अशी जागा एकच असते, ती म्हणजे महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग. वैजापूरला विनायकराव पाटील महाविद्यालय आहे. मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांना आता असं एखादं महाविद्यालय आहे. त्यातल्या एकाही इमारतीपासून कपाशीचं शेत अर्ध्या तासापेक्षा लांब नाही. तरीही ते लांब असतं.

माझं बी.एस्सी. अशाच एका तालुक्याच्या गावी झालं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढची गोष्ट त्या कॉलेजच्या अब्रूची आहे. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात फॉर्मालिनच्या बरण्या. फॉर्मालिन पिवळट पडलेलं, झाकणाला मेण. एका बरणीवर बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'घोणस, विषारी'. तीन वर्षं आम्ही ती बरणी बघितली, घोणशीची आकृती काढली, परीक्षेत ओळखली, मार्क घेतले. पुष्कळ वर्षांनी कात्रजच्या सर्पोद्यानात जिवंत घोणस समोर आली तेव्हा पोटात गोळा आला. आमच्या बरणीत होती ती घोणस नव्हतीच. ती डुरक्या घोणस होती. नावात घोणस, अंगावर तपकिरी डाग, अंग जाड, पण साप बिनविषारी. डोकं मानेपासून वेगळं उठून न दिसणारं, डोळे बारीक, शेपूट आखूड, आणि अंगावरचे डाग एकमेकांत मिसळून वेडेवाकडे झालेले. खऱ्या घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान स्पष्ट, पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा आणि प्रत्येक डागाला गडद किनार. डिवचली की प्रेशर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा लांब फूत्कार. आकृती आम्ही पुस्तकातून उतरवली होती, नजर मात्र बरणीवर घडली होती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं घर शेतकऱ्याचं होतं. त्यातल्या कोणी त्या नजरेवर भरवसा ठेवून खऱ्या घोणशीला 'आमच्या लॅबमध्ये असते तशी नाही, म्हणजे घोणस नाही' असं म्हटलं असेल का, हा विचार मला अजून येतो.

मण्यार आणि कवड्या यांचं तेच. दोघेही काळसर, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्रीचे आणि घरात येणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट. डोक्याजवळ जवळजवळ नसतातच, शेपटीकडे दाट होतात आणि बऱ्याचदा जोडीजोडीने असतात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते. हे वाचायला सोपं आहे. रात्री दोन वाजता, अंथरुणाशेजारी, मोबाइलच्या उजेडात आणि हातात काठी असताना सोपं नाही. आणि मेलेला साप ठेचून डोकं नसलेल्या अवस्थेत पिशवीतून दवाखान्यात येतो, तेव्हा तर मुळीच नाही.

मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके लहान की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, ओवा-सोडा घेतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द अडखळतात. 'रात्रीचं खाल्लेलं बाधलं' म्हणून दुपार होते. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एकदा ती निकामी झाली की सर्पविषावरची लस कितीही ओतली तरी लगेच जाग येत नाही. माणसाला कृत्रिम श्वासावर काही दिवस काढावे लागतात, टोकं पुन्हा वाढेपर्यंत. नागाच्या विषाचा मारा थोडा पुढे, स्नायूच्या बाजूला असतो. तिथे निओस्टिग्मिनसारखं औषध लशीबरोबर हात देतं. दोन्हीकडे पेशंट 'झोपाळला' दिसतो. म्हणून कुठला साप हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

घोणशीचा आणि फुरशाचा प्रकार वेगळा, तिथे रक्त गोठणं थांबतं. ते ओळखण्याची जी चाचणी आहे ती मला अख्ख्या वैद्यकशास्त्रातली सर्वांत देखणी चाचणी वाटते. शिरेतून दोन मिलिलीटर रक्त घ्यायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. हलवायची नाही, तिरकी करून बघायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. यंत्र नको, वीज नको. फक्त नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. आणि ती साबणाच्या पाण्याने धुतलेली नसावी, साबणाचा अंश राहिला तरी फसगत होते. हल्ली दवाखान्यांत सगळं प्लास्टिकचं झालंय. काचेच्या कोऱ्या परीक्षानळ्यांची खोकी कुठे पडून असतात? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. ग्रामीण रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्यात इतकी एक नळीची देवाणघेवाण जरी झाली तरी मी त्याला सर्पविज्ञानातलं मोलाचं काम म्हणेन.

लशीचा हिशोबही बी.एस्सी.च्या मुलांना फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. आपल्याकडची लस चार सापांवर एकत्रित चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. एक मिलिलीटर लस घोणशीचं किंवा नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, मण्यारीचं आणि फुरशाचं ०.४५. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. दहा मिलिलीटरच्या दहा कुप्या म्हणजे १०० मिलिलीटर, म्हणजे ६० मिलिग्रॅमची सोय. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या का देतात याचं उत्तर या गुणाकारात आहे. आणि लहान मुलालाही तेवढ्याच का देतात, याचंही. साप समोर मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही.

ही लस घोड्यांच्या रक्तातून बनते आणि घोड्यांना टोचायचं विष प्रामुख्याने येतं ते चेन्नईजवळच्या इरुळा जमातीतल्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. ती १९७८ साली सुरू झाली, रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने. म्हणजे वैजापूरच्या घोणशीवरचा उतारा तमिळनाडूतल्या घोणशीच्या विषावर बेतलेला असतो. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि काही भागांत त्यामुळे लस कमी पडते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने गेल्या काही वर्षांत दाखवून दिलं आहे. मग प्रश्न येतो की आपल्या तालुक्यात कोणता साप, कुठे, कोणत्या महिन्यात, किती वाजता चावतो, याची वही कोणी ठेवायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्यांच्याकडे दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं येतात, त्यांनी.

आकड्यांचं म्हणाल तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मृत्यू-सर्वेक्षणानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात आणि निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा दिल्लीत झाला, बांध इथे आहे.

बांधावर काय होतं? शेतीपंपाची वीज रात्रीची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असं वेळापत्रक गावागावात तोंडपाठ असतं. रात्री लाईट आली की माणूस पायात चप्पल अडकवून कांद्याला, मक्याला पाणी धरायला जातो. उंदीरही त्याच वेळी निघतो आणि उंदरामागचा सापही. कपाशी वेचायला बायका सकाळच्या दवात जातात, खाली वाकून, उघड्या हाताने. कांदाचाळीत उन्हाळभर उंदीर पोसलेले असतात. सर्पदंशावर व्याख्यान देणारे 'रात्री बाहेर पडू नका' असं सांगतात, तेव्हा समोर बसलेले शेतकरी अदबीने मान हलवतात. बाहेर पडू नका हे त्यांना नाही, वीज कंपनीला सांगायला पाहिजे.

आणि मग श्रावणात नागपंचमी. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळी चालवत नाहीत, तवा ठेवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्लं मेली, ही कहाणी बायका पाटाशी बसून सांगतात. मला या सणात चुकीचं काही दिसत नाही. दूध पाजणं तेवढं सोडा, साप दूध पचवत नाही. पेरणीनंतरच्या त्या दिवसांत एक दिवस जमिनीला लोखंड लावायचं नाही, हा नियम ज्याने केला त्याने सापाच्या बिळांचा आणि महिन्यांचा हिशोब बघितलेला असावा असा माझा आपला तर्क.

मारायचा हिशोबही आपण केलेला आहे. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरशावरचं सरकारी बक्षीस वाढवलं तेव्हा आठवड्याभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. फुरसं संपलं नाही, आजही कोकणात ते दगडाखाली आहेच. त्यानंतर मुंबईत परळला १८९९ साली प्लेगसाठी निघालेली प्रयोगशाळा १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली आणि पुढे लशीसाठी ओळखली गेली. तिथले पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले. त्या प्रकाराबद्दल माझं मत दुहेरी आहे. त्यातून महाराष्ट्रात 'सर्पमित्र' हा शब्द घरोघरी गेला, १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, हजारो साप काठीपासून वाचले. त्यातूनच, खैऱ्यांचा दोष नसताना, गळ्यात नाग घालून फोटो काढणारी एक जमातही तयार झाली. साप पकडून गर्दीसमोर फणा काढायला लावणं याला लोकशिक्षण म्हणायचं असेल तर मग डोंबाऱ्याचा खेळ म्हणजे भौतिकशास्त्र. अशा खेळात दंश होऊन गेलेल्या तरुण मुलांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

मांत्रिकाचा धंदा मात्र गणितावर चालतो. चावणारे बहुसंख्य साप बिनविषारी, विषारी चावला तरी कधीकधी विष सोडत नाही. मारुतीच्या पारावर आणलेल्यांपैकी बरेच जण नुसते बसवून ठेवले असते तरी वाचले असते. श्रेय मंत्राला जातं. उरलेल्यांबद्दल 'वेळ भरली होती' म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा म्हणून घातलेला आहे. गावात हे कलम फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांचं काम लोकांना पटतं, कारण जुन्नर तालुक्यातली माणसं त्यांच्या दवाखान्यातून चालत घरी गेलेली शेजाऱ्यांनी बघितलेली असतात.

आता बेडूक. सापावर लिहिताना बेडकाला नेहमी शेपटाला बांधतात, मीही तेच करतोय. पण महाविद्यालयांशी जुनं नातं आहे ते बेडकाचं. मेणाचा ट्रे, चार टाचण्या, क्लोरोफॉर्मचा वास. पिढ्यान्‌पिढ्या प्राणिशास्त्र म्हणजे चिरलेला बेडूक. परदेशात तंगड्या पाठवणं भारताने १९८७ मध्ये बंद केलं, पण वर्गातलं चिरणं थांबायला विद्यापीठ अनुदान आयोगाचं २०१४ चं फर्मान यावं लागलं. जुने प्राध्यापक तेव्हा हळहळले, आता मुलांना शिकवायचं काय. मला वाटतं खरं शिकवणं तेव्हापासून शक्य झालं. बेडूक ट्रेमध्ये येत नाही म्हटल्यावर त्याच्याकडे जायला लागतं.

आणि वैजापूरसारख्या पर्जन्यछायेच्या मुलखात बेडकाकडे जाणं म्हणजे मोठं कुतूहल. सह्याद्रीवरचे बेडूक प्रसिद्ध, त्यांचे फोटो कॅलेंडरवर. इथल्या बेडकाला आठ-नऊ महिने कोरडे काढायचे असतात. तो जमिनीत असतो. बिळबेडकाच्या मागच्या पावलाच्या आतल्या कडेला फावड्याच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो. तो ओल्या मातीत बसला की आधी काहीच होत नाही. मग मागचे पाय आळीपाळीने बाहेर सरतात, माती बाजूला ढकलली जाते आणि बेडूक तोंड आपल्याकडे ठेवून मागे मागे बुडायला लागतो. पाय गेले, कंबर गेली, आता फक्त डोळे. डोळे मिटतात आणि वरची माती पडते. मिनिटाभरापूर्वी इथे काही होतं हे सांगून पटणार नाही. दुष्काळात पाऊस मागायला लिंबाचा पाला नेसलेल्या पोरांनी धोंडी काढायची, मुसळाला बेडूक बांधून दारोदार पाणी घालून घ्यायचं, ही रीत ज्या मुलखात होती तिथल्या माणसाला बेडूक आणि पाऊस यांचं नातं कोणी शिकवायला नको. धोंडीतला बेडूक बिचारा उलटा लटकलेला असे, एवढंच.

पहिला दमदार पाऊस झाला की त्याच रात्री बैल-बेडकाचे नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा रंग जेमतेम त्या हंगामापुरता. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढलेले खड्डे पावसात भरतात, त्यातल्या एखाद्या खड्ड्याशी जूनमध्ये रात्री उभं राहिलं तर एका जागी पाच-सहा जातींचे आवाज वेगळे काढता येतात. एक म्हैस रेकते तसा, एक फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा, एक कुत्र्याच्या पिल्लासारखा. मोबाइलवर आवाज टिपून, तारीख-वेळ-गाव लिहून ठेवलं तर तो कच्चा माल झाला. याला पैसे लागत नाहीत.

असं काम महाविद्यालयातून उभं राहतं याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले आनंद पाध्ये आणि मॉडर्न महाविद्यालयातले हेमंत घाटे यांनी वर्षानुवर्षं शिकवता शिकवता उभयचरांवर काम केलं. २०१३ साली सह्याद्रीतल्या एका झुडूपबेडकाचं नामकरण झालं तेव्हा पाध्ये आणि सहकाऱ्यांनी त्याला घाट्यांचं नाव दिलं, राओर्केस्टिस घाटेई. एका शिक्षकाचं नाव बोटाच्या पेराएवढ्या बेडकाला. २०१७ मध्ये पाध्यांच्याच गटाने पश्चिम भारतातल्या एका बिळबेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला 'पश्चिमा' असं नाव ठेवलं. सरड्यांतलं तर आणखी गोड. गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फडफडवणारे माळावरचे सरडे २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी तपासले, त्यांतल्या काहींची वेगळी प्रजाती निघाली आणि तिचं शास्त्रीय नाव पडलं 'सरडा'. आपला मराठी सरडा, लॅटिनच्या पंगतीत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्यांनी केली त्यांना हे कळवायला हवं होतं.

नवी जात सापडावी म्हणून कामाला लागा असं मी म्हणत नाही. पठारावर नव्या जाती निघतीलही, पण कोणतं काम निकडीचं आहे ते शेततळ्यापाशी कळतं. कांद्यासाठी, फळबागेसाठी तालुक्यात जागोजागी शेततळी झाली. आत काळं प्लास्टिक. पाणी प्यायला आलेली धामण, घोरपड, बेडूक आत उतरतात आणि गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही. एका तळ्याच्या काठी मी सकाळी उभा होतो तेव्हा पाण्यावर धामण तरंगत होती, फुगलेली. मालकाच्या मुलाला वाईट वाटलं, कारण तीच धामण चाळीतले उंदीर खायची. कोपऱ्यात जुन्या गोणपाटाची पट्टी किंवा गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडला तर जीव वर चढतो. माणसाचं पोरही चढतं. हे एवढं सांगण्यासाठी पोस्टर, प्रोजेक्टर, पाहुणे, सत्कार काही लागत नाही. दहा मीटर दोर लागतो.

मांडुळाबद्दल सांगायला मात्र पोस्टर लागतं, आणि पोलीसही. दोन्हीकडे तोंड असल्यासारखा दिसणारा हा निरुपद्रवी साप गुप्तधन दाखवतो, किलोवर लाखांचा भाव येतो, अशी अफवा मराठवाड्यात वर्षानुवर्षं फिरते आणि दरवर्षी कोणीतरी पिशवीत मांडूळ घेऊन गिऱ्हाईक शोधताना सापडतो. गिऱ्हाईक सहसा साध्या वेशातला असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अफवा त्याहून म्हातारी.

गेल्या पावसाळ्यात शिऊरच्या रस्त्याला, संत बहिणाबाईंच्या गावाअलीकडे, एका शेतवस्तीवर रात्री थांबलो होतो. घरातली मुलगी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. पायात तिच्या वडिलांचे गमबूट, दोन नंबर मोठे, हातात बॅटरी. ओसरीच्या कोपऱ्यात विटांच्या फटीत शेपूट दिसलं तशी तिने आजीला मागे सारलं आणि लांबूनच उजेड धरला. पट्टे मानेपासून सुरू होत होते.

"कवड्याय, आजी. काही नाही करत."

"मन्यार नाही ना?"

"नाही. मण्यारीचे शेपटीकडं दाट असतात."

आजीने थोडा वेळ फटीकडे, थोडा वेळ नातीकडे बघितलं. मग आत जाऊन तिने सगळ्यांची अंथरुणं खालून उचलली आणि बाजेवर टाकली. "तुझं खरं असंल माय," ती म्हणाली, "पण दिवे लागल्यावर नाव घेऊ नको त्याचं."

मुलीने वहीत तारीख आणि वेळ लिहिली. रात्रीचे नऊ चाळीस, ओसरी, आग्नेय कोपरा. जातीच्या रकान्यात लिहिण्याआधी पुन्हा एकदा उजेड धरून बघितलं.